उजवा अंगठा

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येईल, हसू नकोस. या आठवड्यात दोनदा आपल्या सलूनवरून गेलो, समोरच्या फुटपाथने, मान खाली घालून. माझ्या खुर्चीवर तू जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलीस. आधी राग आला, मग म्हटलं, आपणच सोडली ना ती खुर्ची.

चार महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकांसमोर मी ॲप्रन काढून फेकला आणि या धंद्याचा वीट आलाय म्हणून निघून गेलो. ज्याने माझं बोट धरून कात्री चालवायला शिकवली, त्याच्याच तोंडावर. वाटलं होतं, तू माझी चांगली बिनपाण्याने करशील. तू नुसते जमिनीवरचे केस झाडत राहिलास. ते अजून सलतं. दादा, मी खोटं बोललो होतो.

त्याच सकाळी मी तुझी दाढी करत होतो, आठवतं? कानाखाली कापलं. तू तुरटी फिरवलीस आणि विचारलंस, लक्ष कुठंय तुझं. लक्ष तुझ्या गळ्यावरच होतं रे. माझा उजवा अंगठा आपोआप उडायला लागला, मग मनगट, मग कोपर. वस्तरा वेळेत मागे घेता आला म्हणून निभावलं. त्याआधीही दोनदा असं झालं होतं. हात भरून येत असेल म्हणून मी कात्री बदलली! आपली धंद्याची अक्कल, दुखणं हत्यारात शोधायचं.

थांबलो होतो. आत्ताच हाताला एक झटका येऊन गेला. पेन पडलं, शाईचा डाग तसाच ठेवतोय.

पुढे एकदा घरात पाणी ओतताना सगळं अंगच आखडलं आणि मी कोसळलो. शेजारी तोंडात चमचा घालायला धावले, हिने त्यांना बाहेर काढलं. तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ आहे, वाटाण्याएवढी, हात हलवणाऱ्या भागाला चिकटून. झटके तिचेच. गोळ्यांनी कमी झालेत, थांबले नाहीत. दिवसभर येरझाऱ्या घालतो. बसलो की चोरावर पाळत ठेवल्यासारखा अंगठ्याकडे बघत राहतो. ही वैतागते.

गुरुवारी ऑपरेशन आहे. बोटांतली ताकद जाईल, कदाचित परत येईल, असं डॉक्टर म्हणतात. मला भीती वाटते, फार वाटते. तुला आधी सांगितलं नाही, कारण त्या सकाळी माझ्या हातून काय झालं असतं, ते तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

बुधवारी माझं डोकं भादरायचंय. हॉस्पिटलातला माणूस गवत कापल्यासारखं कापतो, एकाच्या कानामागे पट्टेच्या पट्टे सोडलेले मी पाहिले. त्याच्या हाती मी डोकं देणार नाही. नर्सबाईंना विचारलंय. वस्तरा चालणार नाही, पण तू तुझं मशीन घेऊन आलास तर त्यांची ना नाही. सकाळी नऊला ये. मध्येच मला झटका आला, तर मशीन बाजूला ठेव, मला कुशीवर कर आणि तिथेच थांब. मी पळालो, तसा तू पळू नकोस.

तुझाच,
बारक्या