शिपायाच्या हाती दिलेलं पासबुक

मंगरूळपीर, शनिवार, ऑगस्ट १९७४

किळस आली आज. पोस्टाच्या रांगेत उभं राहायला नको, म्हणून आमच्या दवाखान्यातल्या शिपायाच्या, वामनच्या, हाती पासबुक देत आले. मायच्या नावाची मनिऑर्डरही तोच करी. केवढी सोय वाटायची मले!

आज स्टँडवर दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या मायले गुपचूप पैसे धाडता म्हणे? वामन सांगत होता पानठेल्यावर."

वामनले जाब विचारला, तर पान चघळत हसला. "बाई, एक पैसा तरी खाल्ला काय तुमचा?"

नाही खाल्ला. पण माझं घर पानठेल्यावर मांडलं मेल्यानं! पासबुक हिसकावूनच घेतलं.

घरी यांनी एवढंच विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

सांगितलं असतं, तर धाडू दिले असते काय?