ग्लेझच्या खाली

आबा, त्या काळ्या गाडीचं पुढं काय झालं ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही गेल्यावर दोनच महिन्यांत ते घडलं. आता बारा वर्षं होऊन गेली. मराठी लिहायची सवय राहिली नाही, हात अडखळतो. घरात पोरं माझ्याशी अर्धं तेलुगू, अर्धं इंग्रजी बोलतात. तरी हे मराठीतच लिहितोय, कारण तुम्ही मला शिव्याही मराठीतच दिल्यात.

तुमचा हात जड होता. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मेलेल्या बापाबद्दल उगाच गोडगोड लिहिलं जाईल. पुसायचं फडकं जमिनीवर पडलं आणि तेच मी परत बॉनेटवर लावलं, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्या कानशिलात हाणली होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, बायको तेव्हा पोटुशी होती. फडक्याला लागलेला एक खडा अख्खं बॉनेट खराब करतो हे मला माहीत होतं, पण कान दोन दिवस वाजत राहिला. तोच हात गाडीवर ठेवलात की वेगळाच होऊन जायचा. धुतलेल्या, पुसलेल्या रंगावर तुम्ही ग्लेझ गोल गोल चोळत असायचात. ते पातळ, तेलकट औषध बारीक ओरखड्यांत भरून बसायचं आणि जुनी गाडी नुकती न्हाल्यासारखी ओली दिसायला लागायची. वरून मेणाचा हात. गिऱ्हाईक खूश होऊन निघालं की तुम्ही त्याला थांबवून सांगायचात, "साब, ये मरम्मत नहीं है, सिंगार है. चार बार धोए तो उतर जाता." मला राग यायचा. आपलंच काम कच्चं आहे असं कुठला मेस्त्री सांगतो? तुम्ही म्हणायचात, कंपाउंड वरचा थर घासून काढतं, ओरखडा कायमचा जातो. ग्लेझ फक्त झाकतं. माणसाला काय केलं ते सांगायला पाहिजे.

मग ती वर्षं आली. तेलुगू राज्य फोडून दोन करायचं की एकच ठेवायचं यावरून शहर पेटलं होतं. आठवड्यातून दोन-दोन बंद. आपल्या कुकटपल्लीत तर दोन्ही बाजूंची माणसं एकाच गल्लीत राहत होती, त्यामुळं दगड कुणीकडून येईल याचा नेम नव्हता. नाक्यावर एक बस जळत होती तेव्हा आपण शटर अर्धं ओढून आत बसलो होतो, आणि धूर आत येऊन पांढऱ्या गाडीवर बसला म्हणून तुम्ही चिडलात. माणसं एकमेकांची डोकी फोडताहेत आणि ह्यांना गाडीची पडलीये, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणालोही होतो.

अशाच एका बंदच्या सकाळी माझा दोस्त सायकलवरून निघाला होता. शेजारचा वेल्डिंगवाला, माझ्याच वयाचा. घोषणा द्यायला नाही, मुलीसाठी दूध कुठं मिळतंय का ते बघायला. नाक्यावर दगड सुरू झाले. एक काळी गाडी गर्दीत अडकली होती. चालवणाऱ्यानं घाबरून की रागानं ते त्यालाच माहीत, माणसांतूनच गाडी काढली. दोस्त सायकलसकट खाली आला. मी पोचलो तेव्हा त्याची उजवी मांडी उलट्या बाजूला वळली होती आणि तो ओरडत नव्हता, नुसता सायकलकडं बघत होता. गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. गाडीचा नंबर कुणीच पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सेठ आपल्या शेडमध्ये आले. शेड त्यांच्याच जागेत होती. त्यांच्या काळ्या गाडीचा डावा मडगार्ड आणि त्या बाजूची दोन्ही दारं ओरखड्यांनी भरलेली. "मेस्त्री, पत्थर लगे थोडे," ते म्हणाले. "पेंटर के पास नक्को, नया रंग दिखता. तुम चमका दो." मी वाकून बघितलं. दगडाचे ओरखडे असे आडवे, लांब नसतात. आणि त्यांत हिरवा रंग होता. दोस्तानं एका शाळेचं फाटक रंगवून उरलेल्या रंगानं आपली सायकल रंगवली होती, तो हिरवा मी हजारांत ओळखला असता.

सेठ गेल्यावर मी म्हणालो, "आबा, हा त्याच्या सायकलचा रंग आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. ग्लेझची बाटली काढ."

मी पोलिसांना लावायला फोन काढला. तुम्ही तो हातातून उडवलात आणि तो भिंतीवर जाऊन फुटला. "ऐक," तुम्ही म्हणालात, "राज्य ह्यांचं होऊ दे का त्यांचं, आपण दोघांनाही पाव्हणेच. शेड गेली तर गावाकडं जाऊन काय करायचं? तिथं कोण ठेवलंय आपलं?" मी तुम्हाला भेकड म्हणालो. आणखीही बरंच काही म्हणालो. तुम्ही हात उचललात. माझ्या हातात पॉलिशचं मशीन होतं, ते मी तसंच हाणलं. तुमचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काडी मोडावी इतका लहान आवाज. तुम्ही खाली बसलात आणि मी अजून एकदा मारायला मशीन वर केलं होतं, आबा. ते तुम्ही पाहिलंत. खाली कसं ठेवलं ते मला आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "फर्श गीली थी, फिसल गया." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. त्यानंतर मी पोलीस ठाण्यात कुठल्या तोंडानं जाणार होतो? खरं सांगायला बसलो असतो तर मनगटापासूनच सुरुवात करावी लागली असती. गाडीला ग्लेझ तुम्ही डाव्या हातानं लावलंत. दीड तास लागला. मी बाहेर पायरीवर बसून होतो.

पण ग्लेझच ते. चार धुण्यांत ओरखडे परत वर आले आणि सेठ परत आले. मग दर महिन्याला. तुमचा उजवा हात कधीच नीट झाला नाही, म्हणून काम माझ्याकडं आलं. मीच करायला लागलो, दोस्त शेजारी कुबड्या भिंतीला टेकवून वेल्डिंग करत असताना. एकदा वैतागून मी कंपाउंडची बाटली उचलली. एकदाच घासू, कटकट जाईल. तुम्ही असे ओरडलात की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "कंपाउंड नक्को! त्या बाजूला कंपाउंड लावायचं नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!" का म्हणून विचारलं तर म्हणालात, "रंग पातळ होतो." त्या गाडीचा रंग चांगला जाड होता. म्हातारपणाचा हेका, असं मला वाटलं. आपण तेव्हा कामापुरतंच बोलत होतो.

नव्या राज्याचे फटाके वाजत होते त्याच आठवड्यात तुम्ही दवाखान्यातच गेलात. दोन महिन्यांनी गाडी आली. मी धुतली, उन्हात घेतली आणि सगळं पुन्हा समोर आलं, दाराच्या कडेला तो हिरवाही. अडवायला कुणी नव्हतं. सेठनं सांगितलं नव्हतं, धमकी दिली नव्हती, मला भीतीसुद्धा वाटली नाही. मला ते दर महिन्याला बघायचं नव्हतं, एवढंच. कंपाउंड घेतलं, मशीन लावलं, तासाभरात दारं कोरी केली. काम उत्तम झालं होतं. तुम्हालाही खोट काढता आली नसती.

आठ-दहा दिवसांनी दोस्त कुबड्यांवर आला. त्याच्या वकिलानं खटपट करून त्या भागातल्या काळ्या गाड्या तपासायचा कोर्टाचा हुकूम मिळवला होता. तो म्हणाला, "तुम्हारे आबा दवाखाने में मेरे को एक बात बोले थे रे. बोले, कोई साब गाड़ियाँ देखने आया तो बोलना, सेठ की गाड़ी पहले साबुन से धुलाओ, तीन-चार बार, फिर देखो. कायकू बोले, मेरे को समझा नहीं."

मला समजलं. ग्लेझ धुऊन गेलं की खालचे ओरखडे आणि तो हिरवा वर येणार, म्हणून तुम्ही कंपाउंड लावू देत नव्हता.

तपासणी आपल्याच शेडमध्ये झाली. दोस्तानं आग्रह धरला तेव्हा साहेबानं मलाच गाडी धुवायला सांगितली. मी साबणानं चार वेळा धुतली. दोस्त कुबडीवर पुढं वाकून दाराकडं बघत होता, इतका जवळून की त्याचा श्वास काचेवर उमटत होता. काहीच निघालं नाही. साहेबानं कागदावर तसं लिहिलं आणि सेठनं सगळ्यांना चहा मागवला. दोस्तानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दे रे," तो म्हणाला. "आबा बुड्ढे हो गए थे, दवाइयों में कुछ भी बोले होंगे." मी मान डोलावली.

आबा, तुम्ही भ्यालात, हे मी अजूनही म्हणतो. पण भिऊनसुद्धा तुम्ही ते ठेवलं होतंत, मोडक्या हातानं झाकून ठेवलं होतंत. भेकड म्हणून तुमचा हात मोडणाऱ्यानं ते पुसलं. दोस्त आजही भेटला की तुमच्या म्हातारपणाच्या बडबडीवर हसतो, आणि मी त्याला हसू देतो.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. खरं तर तुम्हाला लिहायचंच नव्हतं. ज्याला लिहायला पाहिजे तो चार गल्ल्या सोडून राहतो, जिवंत आहे, आणि त्याच्या दाराशी जायची माझी छाती होत नाही.