पांचियोची कड

६ जानेवारी
चाळीस फोटो काढले. चाळीसही हललेले. नाण्यावरचा त्रिशूळ पालीसारखा दिसतोय. टीव्हीला फोन जोडून बापुजींना दाखवले, तर म्हणाले, "वहू, आंधळा मी आहे की तुझा फोन?"

दिवाळीपासून सासऱ्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी हात टेकले. साठ वर्षं जमवलेली कच्छची जुनी नाणी, या त्यांच्या कोऱ्या, रोज संध्याकाळी पेटीतून काढतात, बोटं फिरवतात आणि परत ठेवतात. मला बघवत नाही. टीव्हीएवढं मोठं केलं तर दिसेल तुम्हाला, असं मीच बोलून बसले. आता निस्तरायचं!

७ जानेवारी
मस्कतहून नवऱ्याचा, किरीटचा, फोन. कॅमेरा पाठवू का म्हणे, मार्चमध्ये. मार्चपर्यंत कोण थांबतंय? घरात आहे त्यातच करून दाखवते म्हटलं.

९ जानेवारी
सुचलं! न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल. बैठकीला मधोमध भोक असतंच. त्यावर फोन पालथा ठेवला, कॅमेरा बरोबर भोकावर. खाली दोऱ्याच्या रिळावर कोरी. दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात मागे घ्यायचा. फोटो हलायचा प्रश्नच मिटला. खर्च शून्य. मांडवीत कुणाच्या डोक्यात आलं नसेल हे.

फक्त कोरी फार लहान दिसते. आणि चकाकते. समोर बल्ब धरला की मधोमध पांढरा गोळा, बाकी अंधार.

११ जानेवारी
बापुजींचं भिंग मागितलं. आता त्यांच्या काही कामाचं नाही, तरी देताना दोनदा पुसलं. फोनच्या कॅमेऱ्याखाली चिकटपट्टीनं लावलं. कोरी ताटाएवढी!

बल्बपुढे अडदिया मिठाईच्या डब्यातला बटर पेपर धरला. चकाकी गेली. बल्ब वरून नाही, बाजूनं, तिरका लावायचा. मग अक्षरांना सावली येते आणि ती उठून दिसतात. हे मला कुणी शिकवलं नाही. तीन तास बल्ब हलवत बसले. खिचडी करपली.

१३ जानेवारी
आज माझी चांगलीच खरडपट्टी निघाली.

एक कोरी फार काळी पडलेली. धनतेरसला घरातली चांदी घासतो तशीच घासली, चिंच लावून. आरशासारखी झाली. मी खूश. बापुजींच्या हातात दिली तर त्यांनी बघितली नाहीच, नाकाशी नेली.

"चिंच?"

"हो. किती काळी होती!"

"नव्वद वर्षं लागली तिला काळी व्हायला. तू दहा मिनिटांत पुसलीस. उद्या माझे केसही काळे करशील."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जुन्या नाण्याला घासायचं नाही, पाणीसुद्धा लावायचं नाही, कडेला धरायचं. शंभरदा ऐकलंय हे त्यांच्या तोंडून, पण धनतेरसची सवय हाताला लागलेली.

१५ जानेवारी
काल उत्तरायण. सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर, मी स्टुलापाशी.

आज दुपारी टीव्ही लावला. बापुजी मान वाकडी करून बसले. डाग चुकवून कडेनं बघतात, कोंबडीसारखे. मी एक फोटो लावला. म्हणाले, "कट्यार."

मी फोटो आणखी मोठा केला.

"वहू, कट्यार दिसतेय. आणि हे म... हा... महाराउ श्री खेंगारजी." पुढचं सगळं वाचलं. थांबून थांबून, पण वाचलं. मग म्हणाले, "दुसरी लाव." एकवीस कोऱ्या बघितल्या. जेवायला उठेनात.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. अभिमान वाटला. सरळ अभिमान.

१६ जानेवारी
"दुसरी लाव." दिवसभर.

२३ जानेवारी
भूजहून हर्षदभाई आले, नाणेसंग्राहक मंडळाचे चिटणीस. फेब्रुवारीत प्रदर्शन आहे. माझे फोटो बघून विचारलं, "कोणत्या कॅमेऱ्यावर काढले, बेन?" मी स्टूल दाखवलं. त्यांना वाटलं बसायला देतेय, बसले त्यावर!

दाराच्या मोठ्या फलकावर बापुजींच्या पांचियोचा फोटो हवाय. पांचियो म्हणजे पाच कोऱ्यांचं मोठं नाणं. बापुजींचा आठव्या एडवर्डच्या नावाचा, १९३६चा. तो राजा गादीवर वर्षभरही टिकला नाही, म्हणून त्याच्या नाण्याला मान. पंचावन्न वर्षांपूर्वी नवीकोरी सायकल देऊन घेतलेला. दोन वर्षं पेढीवर पायी गेले. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. हर्षदभाईंनी आज पुन्हा ऐकली.

"फलकावर नाव कुणाचं?" बापुजींनी विचारलं.

"तुमचंच, वेलजीभाई. दुसऱ्या कुणाचं असणार?"

नंतर संध्याकाळभर गुणगुणत होते.

३० जानेवारी
पांचियोचा फोटो झाला. आजवरचा सगळ्यात सुंदर. मऊ उजेड, एकेक अक्षर जागच्या जागी.

मग हौस म्हणून बल्ब अगदी खाली नेला, जवळजवळ नाण्याच्या पातळीला. आणि नाणं उभं करून कडेचाही एक काढला.

काढायला नको होता.

३१ जानेवारी
पुन्हा काढला. तेच. अक्षरांच्या मधल्या सपाट जागेत बारीक बारीक खड्डे. कडेवर मधोमध सांध्याची रेष, तिच्यावर कानस फिरवलेली. टांकसाळीत ठोकलेल्या नाण्याला सांधा नसतो. सांधा असतो साच्यात ओतलेल्याला. अंजारला माझे वडील सुडीच्या, म्हणजे अडकित्त्याच्या, पितळी मुठी ओतायचे आणि अशाच रेषा घासायला आम्हा बहिणींना बसवायचे. ही रेष मला झोपेतही ओळखू येईल.

पांचियो नकली आहे.

मऊ उजेडाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

१ फेब्रुवारी
किरीटला सांगितलं. तो म्हणाला, "तो सुंदर असलेला पाठव आणि विषय संपव. बापुजींना कुठे दिसतंय?"

इतका राग आला! महिनाभर मी स्टुलाखाली मान घालून बसले ती कशासाठी? त्यांना दिसावं म्हणूनच ना? आता दिसतंय, तर मीच झाकू?

पण एक्याऐंशी वर्षांचे आहेत. हे त्यांचं शेवटचं प्रदर्शन, ते स्वतःच म्हणतात. हर्षदभाईंना परवा फोटो हवाय.

२ फेब्रुवारी
सांगितलं नाही. टीव्ही लावला, कडेचा फोटो लावला आणि बाजूला बसले.

मान वाकडी करून पाहिलं. "मोठा कर." केला. "डावीकडे ने." नेला. मग पांचियो मागून घेतला, अंगठ्याचं नख कडेवरून गोल फिरवलं. एकदा, दोनदा.

"सांधा आहे," म्हणाले.

"हो, बापुजी."

"कधी दिसलं तुला?"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस पोटात ठेवलंस?" मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ताटातला बाजरीचा रोटलो तसाच राहिला. मीही जेवले नाही. वाटलं, स्टूल न्हाणीघरात परत ठेवावं आणि पुन्हा हात लावू नये.

३ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना म्हणाले, "सायकल चांगली होती गं." आणि हसले. तेव्हा कुठे मी डोळे पुसले.

हर्षदभाईंना त्यांनीच फोन लावायला सांगितला. "फलकावर पांचियोच लाव. पण कडेचा फोटो. खाली लिही, नाणं ओतीव. फसलेला वेलजी, पंचावन्न वर्षं. पकडणारी त्याची वहू, रसीला, अंजारच्या ओतकाराची मुलगी." पलीकडून हर्षदभाई काहीतरी समजावत होते. बापुजी म्हणाले, "नाव माझंच लावणार होतास ना? मग लाव."

इतक्या वर्षांत मला कुणी ओतकाराची मुलगी म्हटलं की ते टोचायचं. आज नाही टोचलं.

२१ फेब्रुवारी
भूज. फलकासमोर ही गर्दी! बापुजी खुर्ची टाकून बसलेले, येईल त्याला सांधा दाखवत. दुपारी एकानं रुमालातून आपला पांचियो काढला आणि हळूच विचारलं, "बेन, याचीही कड बघता?" स्टूल बरोबर होतंच. संध्याकाळपर्यंत अकरा जण आले. चार नाणी ओतीव निघाली, त्यातलं एक हर्षदभाईंचं.

बापुजींनी आपल्या शेजारी चार खुर्च्या लावून घेतल्या आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.