बिनराखेचा लसूण

माई, घरात एक मशीन आलं आहे आणि माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. मला लिहायला येतं तरी किती? तिसरीतून शाळा सुटली ती सुटली. पण ही गोष्ट सुनेला सांगितली तर ती हसते, लेकाला सांगितली तर तो फोनमध्ये बघत हो हो म्हणतो. आणि संशय कसा घ्यायचा हे मला तुम्हीच शिकवलं नं? दूध आलं की नखावर थेंब ठेवून बघायचं, तुपाचा डबा उघडला की आधी वास घ्यायचा, आणि भाजीवाल्याने स्वतःहून भाव कमी केला तर खालची भाजी उलटून बघायची. तुमच्या घरात पहिल्या महिन्यात मी एवढंच शिकले. स्वयंपाक तर मला माहेराहूनच येत होता, तुम्ही काही म्हणा.

आधी आनंदाची गोष्ट सांगते. मी पणजी झाले! तुमच्या नातवाची लेक पहिल्या बाळंतपणाला इथे जबलपूरला आली आणि तिला मुलगी झाली. नाक थेट तुमचं. झोपेत सुद्धा असं वर करून असते जसं काही घरात कोणीतरी खोटं बोलून राहिलं आहे. मी तिला मांडीवर घेते तेव्हा मला इतकं हसू येतं की सून म्हणते, आई, हळू, ती उठेल. उठू दे. उठली की बघते माझ्याकडे, डोळे बारीक करून. मी म्हणते, या माई, बसा.

पण पोर, म्हणजे बाळाची आई, काही खाईना. बाळंतपण चांगलं झालं, तब्येत चांगली, डॉक्टरीणबाई नेपियर टाउनातली मोठी हुशार, तिने सांगितलं की काही बिघडलेलं नाही, फक्त पोटभर जेवा, पाणी प्या आणि बाळाला घेत राहा. पण ही दोन घास खाऊन ताट सरकवते. डिंकाचे लाडू केले, नको. मेथीची भाजी, कडू लागते. खिडकीशी बसते आणि डोळ्यांतून पाणी काढते. का रडून राहिली गं, म्हटलं, तर म्हणते, पता नहीं आजी. दूध पुरेना, बाळ किंचाळायचं, पावडरचा डबा आला. डब्याचं मला काही नाही, लेकरू उपाशी राहू नये. पण एक दिवस तिचं नवऱ्याशी फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं, मुझसे नहीं हो रहा, मैं माँ बनने लायक ही नहीं हूँ. सव्वा महिना व्हायच्या आत ती बेंगलोरला परत जायचं म्हणू लागली. अशी रडत गेली असती तर तिकडे तिला कोण बघणार होतं? तो बिचारा दिवसभर ऑफिसात.

तेव्हा मला तुमचा लसूण आठवला. तो फॅक्टरीचा क्वार्टर, मागचं अंगण, पत्र्याखाली शेगडी. माझं पहिलं बाळंतपण श्रावणात. आपल्या घरी कांदेनवमीला घरातला सगळा कांदा-लसूण भजी-भाकरीत संपवायचा आणि मग कार्तिकी होईपर्यंत नाव घ्यायचं नाही. शेजारच्या हिंदी घरातून भाजीची वाटी आली तर तुम्ही ती उंबऱ्याच्या बाहेरच वास घेऊन परत करायच्या. एकदा तर मी शेजारणीला लसूण सोलू लागले, नुसतं सोलू लागले, आणि तुम्ही माझे हात हुंगून मला दिवसभर स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. नुसतं बोटाने दार दाखवलं. आणि त्याच तुम्ही, भर श्रावणात, गोवऱ्यांच्या राखेत लसणाचे अख्खे गड्डे पुरता, चिमट्याने उलटता, आणि साल काढून, तुपात बुडवून माझ्या तोंडात घालता. मी म्हटलं, माई, चातुर्मास आहे. तुम्ही म्हटलं, बाळंतिणीला कसला चातुर्मास? तोंड उघड. दाताखाली राख कचकचायची. मी गिळायची. तुम्ही समोर पाटावर बसून असायच्या, मग कोणाची हिंमत होती थुंकायची.

तर मी पिशवी घेऊन खाली ठेल्यावर गेले. ठेलेवाला मला ओळखतो, म्हणाला, अम्मा, चौमासे में लहसुन? सब ठीक तो है घर में? मी म्हटलं, तू तौल भैया, पंचांग मत देख. घरी आणून गॅसवर जाळीत धरला. वरून कोळसा, आतून कच्चा. पोरीने एक पाकळी चावली आणि धावत बेसिनशी गेली. आजी, तोंड जळलं माझं! दुसऱ्या दिवशी तव्यावर केला, तो कडू झाला. मग तिने फोनवर नवऱ्याला सांगितलं असेल, कारण चार दिवसांत हा भला मोठा खोका दाराशी. जावयाने पाठवलं. एअर फ्रायर.

माई, काळं, गुळगुळीत, आणि पुढे एक ड्रॉवर. ना विस्तव, ना धूर, ना कुठे लाल काही दिसतं. नुसती हवा. सून म्हणाली, गरम हवेने भाजतं आई. मी म्हटलं, गरम हवा तर मे महिन्यात आपल्या गच्चीवर पण असते, तिथे भाजला का कधी लसूण? ती म्हणाली, तुम्ही राहू द्या, मी संध्याकाळी बँकेतून आली की करते. आता हे राहू द्या मला नेहमीच खटकतं. आधी मिक्सर आला तेव्हा राहू द्या, मग इंडक्शन आलं तेव्हा राहू द्या. असं राहू देता देता एक दिवस मलाच सोफ्यावर राहू देतील. मला तर पक्का संशय आला की लसूण नुसतं निमित्त आहे, हे मशीन मला स्वयंपाकघरातून काढायला आणलं आहे.

म्हणून सून गेल्यावर मीच करायला घेतला. पोर खिडकीशी होती, बाळ झोपलेलं. तिने बसल्या बसल्या सांगितलं, गड्डा सोलू नको, वरून थोडा काप, तेल घाल, फॉइलमध्ये बांध आणि आत ठेव, बटण मी दाबून देते. दाबून दिलं आणि परत जाऊन बसली. मशीन घों घों करायला लागलं. मी खुर्ची घेऊन समोर बसले. जशा तुम्ही बसायच्या. थोड्या वेळाने ड्रॉवर ओढून बघितला, काही नाही. बंद केला. परत ओढला. कोमट. परत. पोर तिकडून ओरडली, आजी, काहून सारखी उघडून राहिली? उघडलं की बंद पडतं ते! मी म्हटलं, मग चोरून काय करून राहिलं आत, बघायला नको? ती म्हणाली, तुला काय वाटतं, आत कोणी बसलं आहे? मी म्हटलं, बसलं असेल तर बरंच आहे, विस्तव तर त्याच्याजवळ असेल.

लसूण कच्चाच निघाला, हे सांगायला नको. आणि मी ठरवलं की ह्यात एकच गोष्ट कमी आहे. राख. लसूण भाजतो तो राखेत. विस्तवात नाही, हवेत नाही, राखेत. आमच्याकडे भांडी घासायला जी बाई येते ती ग्वारीघाटच्या बाजूला राहते, तिथे घाटावर लोक गोवऱ्यांवर कणकेचे गक्कड भाजतात. तिला म्हटलं, थोडी साफ राख घेऊन ये. ती म्हणाली, दादी, बर्तन तो साबुन से मँजते हैं, राख का क्या करोगी? मी म्हटलं, तू ला तो सही. तिने थैलीभर आणली. मी चाळणीने चाळली, मऊ पिठासारखी. ड्रॉवरमध्ये अंथरली, त्यात गड्डे पुरले, अगदी तुमच्यासारखे, वरून पण राख दाबली, आणि फॉइल-बिइल काही नाही. बटण कुठलं दाबायचं हे मी बघून ठेवलं होतं. दाबलं.

माई, त्याच्या आत पंखा असतो. मला कोणी सांगितलं होतं?

एकदम खोकल्यासारखा आवाज आला आणि मागून राखेचा लोट निघाला. ओट्यावर, डब्यांवर, देवाच्या फोटोवर, माझ्या तोंडावर. मला दिसेना काही. मी ओरडून राहिले, बंद कर गं, बंद कर! पोर धावत आली, दारातच थांबली, वायर ओढली. मग माझ्याकडे बघितलं. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, हातात चिमटा. ती म्हणाली, आजी, ये क्या किया तूने, भस्मासुर दिखून राहिली! आणि हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग भिंतीला टेकून खालीच बसली आणि हसत राहिली. बाळ उठलं, रडायला लागलं, तरी हिचं हसू थांबेना. तसंच हसत हसत तिला उचललं, तिथेच जमिनीवर राखेत बसून पाजायला घेतलं. मी चिमटा सुद्धा खाली ठेवला नाही, आवाज होईल म्हणून.

संध्याकाळी सून आली. दारातच तिने नाकाला पदर लावला आणि विचारलं, घरात होम झाला का? बोलली थोडी, तिचं पण बरोबर होतं. ब्रश, ओलं फडकं, सगळं घेऊन बसली, मशीन पुसून, सुकवून, रिकामं चालवून बघितलं. मी भांडी पुसली. मग तिने मला म्हटलं, आई, आता गड्डे तुम्हीच कापा, मला तसा नीट कापता येत नाही. मला माहीत आहे तिला चांगला येतो कापता. बाईने बँकेत काढली आहेत वर्षं, कोणाला काय बोलून शांत करायचं ते तिला कळतं. पण मी कापले. फॉइलमध्ये बांधले. आणि ह्यावेळी तिने माझी खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली.

मशीनची घंटी वाजली तेव्हा घरभर वास होता, माई. उघडून दाबलं तर पाकळ्या सालीतून आपोआप बाहेर आल्या, लोण्यासारख्या, बदामी रंगाच्या. पोर ताटली घेऊन उभी. मी म्हटलं, थांब. आधी चाखायला पाहिजे. मशीनच्या पोटात राहिली असेल राख, किंवा प्लास्टिकचा वास लागला असेल, दूध पाजती बाई ती, तिला असंच कसं द्यायचं? सुनेला म्हटलं, तू चाख. ती हात मागे घेऊन म्हणाली, मी? चातुर्मास आहे. इतकी वर्षं तुम्ही मला ह्या दिवसांत लसणाचा वास घेऊ दिला नाही, आता काहून मोडू? लेक अजून घरी आला नव्हता. पोर म्हणाली, आजी, दे नं, भूक लागली. भूक लागली म्हणाली, माई! स्वतःच्या तोंडाने. आता हिला थांबवायचं तरी किती?

मी भिंतीकडे तोंड केलं आणि एक पाकळी तोंडात घातली.

राख नव्हती. वास नव्हता. कचकच काहीच नाही, जिभेवर ठेवली आणि गेली. मी म्हटलं, चांगला आहे, खा. तिने गरम भातावर तूप आणि तो लसूण कालवून ताट चाटून पुसून खाल्लं आणि वर म्हणाली, आणखी आहे का? आता रोज मागते. दूध लसणाने आलं का जेवणाने आलं का त्या हसण्याने, ते डॉक्टरीणबाईला विचारा, ती तर जेवणालाच मान देते. पावडरचा डबा अजून आहे, कधीमधी लागतो, लागू दे. सव्वा महिना झाला तरी जायचं नाव काढत नाही, जावईच इकडे येऊन राहिला आहे.

आता एक विचारते, रागावू नका. भिंतीकडे तोंड करून मी पदराने ओठ पुसले तेव्हा मला एकदम दिसलं की तुम्ही पण शेगडीशी पाठमोऱ्या व्हायच्या आणि पदराने तोंड पुसायच्या, आणि मगच माझ्याकडे वळायच्या. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हाला धूर लागायचा. माई, राखेतला लसूण बाळंतिणीला देण्याआधी तुम्ही चाखत होत्या का? तुमच्यासारखी बाई न चाखता देईल? मला संशय आहे.

हा कागद टाकायला कुठली पेटी नाही, माहीत आहे मला. घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवीन, सून उचलेल, वाचेल नाही वाचेल. मशीनवर माझा अजून भरवसा नाही, ड्रॉवर मी एकदा तरी ओढून बघतेच. आणि तुमच्यापाशी म्हणून सांगते, पहिली पाकळी मी पोरीसाठी चाखली. दुसरी तिच्यासाठी नव्हती.