सासूबाईंनी निवडलेला टीव्ही

३ मार्च, मंगळवार

टीव्ही गेला! चालू केला तर एक निळी रेघ, मग फट्ट, मग काहीच नाही. सोळा वर्षांचा डबा होता. नवऱ्याने कामावरून आल्या आल्या त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि हात झटकले — "संपला." चेहऱ्यावर दुःख औषधालाही नाही! दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण घरातला डबा सहा महिने कुरकुरत होता तो एकदाही उघडून बघितला नाही. आता कळलं का!

"हॉलच्या भिंतीवर सपाट लावू," तो म्हणाला. "मोठ्ठा!" — कन्या. सासूबाई आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "निवडायला मी येणार."

दीड वर्षापूर्वी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. मशीन लावून बघितलं, उपयोग शून्य. त्या आमचे ओठ वाचतात. स्वतःच शिकल्या, कुणी शिकवलं नाही. टीव्हीवर फक्त खाली पळणाऱ्या बातम्या वाचतात. म्हणजे टीव्ही आमचा आणि निवड त्यांची. छान!

सकाळी परत तेच झालं. औषध द्यायला मागून गेले, खांद्यावर हात ठेवला — अशा किंचाळल्या की माझ्या हातून पेला सुटला. या महिन्यातली ही तिसरी वेळ. आणि महिना सुरू होऊन तीनच दिवस झालेत! "सांगून येत जा गं!" "सांगू कशी? ऐकू येतं का तुम्हाला?" हे मी काचा गोळा करता करता, खाली मान घालून म्हटलं. त्यांना दिसलं नाही. बरंच झालं. की वाईट झालं?

त्यांची खुर्ची दाराकडे फिरवून बघितली होती. पण दाराशेजारीच खिडकी. उजेड डोळ्यांत जातो आणि समोरच्याचं तोंड काळं दिसतं, ओठ वाचता येत नाहीत. शेवटी पाठ दाराकडे, तोंड टीव्हीकडे. आणि आम्ही घरात चोरासारखे मागून येणार!

५ मार्च, गुरुवार

नणंदेचा फोन. "आईला माझ्याकडे पाठव. तळमजला आहे, मी दिवसभर घरात असते. तू तरी किती करणार!"

ताई मनापासून बोलतात, कुजकं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. सासूबाई गेल्या तर घर मोकळं होईल. कामावर निघताना गॅस दहादा तपासायला नको. सतत समोर जाऊन, तोंड वाकडं करकरून एकेक शब्द बोलायला नको. पण हे घर त्यांचं आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांनीच मला कपाटातला अर्धा कप्पा रिकामा करून दिला होता.

मला त्या जायला हव्यात की नकोत, तेच मला कळेना. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "बघू." या माणसाचं 'बघू' म्हणजे मी ठरवायचं आणि वाईटही मीच व्हायचं.

८ मार्च, रविवार

दुकान! हसू की रडू!

एक भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच मासे पोहत होते. विक्रेता पोरगेलासा, पण जीभ तेल घातल्यासारखी. "मॅडम, हा घ्या. यावर उजेड अजिबात चमकत नाही. खिडकी समोर असली तरी चित्र स्वच्छ." नवरा माशांवर फिदा. मलाही पटला.

सासूबाई कुठेत? तर त्या पार कोपऱ्यात, तीन बंद टीव्ही ठेवले होते त्यांच्यासमोर उभ्या. विक्रेता धावला. "आजी, चालू इकडे आहेत, ते बंद आहेत." त्यांनी त्याचे ओठ नीट वाचले आणि म्हणाल्या, "माहितीये. बंदच बघायचेत." दोन गिऱ्हाइकं वळून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी जवळ गेले तर मलाच दटावलं, "मागे हो. अजून मागे." एकीकडे कन्या खिदळतेय. त्यांनी तिन्हींसमोर वाकून, मान इकडे तिकडे करून बघितलं. साडी नेसताना आरशात बघतात तसं. आणि मधल्यावर बोट ठेवलं. "हा."

विक्रेता प्रामाणिक निघाला. "आजी, हा काचेसारखा चकाकतो. लोक तक्रार करतात म्हणून तर कोपऱ्यात ठेवलाय!" नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "आईचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?" मला पण तीच भीती वाटली. म्हटलं, कानांमागोमाग आता हेही सुरू झालं की काय. पण त्या हटूनच बसल्या. हाच नाहीतर कुठलाच नको. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईशी वाद कोण घालणार! घेतला.

९ मार्च, सोमवार

नवरा आणि मी बोलत नाही. कारण टीव्ही.

११ मार्च, बुधवार

आज लावला. लावणारा माणूस पट्टी घेऊन भिंत मोजत होता, तर सासूबाई म्हणाल्या, "खाली. अजून खाली." "इतका खाली कुणीच लावत नाही हो आजी!" त्या जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या आणि तिथून हात हलवत राहिल्या — खाली, खाली, बास. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

विक्रेत्याचं म्हणणं अक्षरशः खरं! मालिकेत नायिका ढसाढसा रडतेय आणि तिच्या कपाळावर आमचा पंखा गरगर फिरतोय. वकील कोर्टात उभा, मागे आमची वाळत घातलेली चादर. कन्या हसून हसून लोळली. सासूबाई तृप्त.

१४ मार्च, शनिवार

दिवस वाईट गेला. मी कवळ्या बनवते, पण आज एक दात तीनदा बसवला आणि तीनदा तिरका! मालक म्हणाले, "लक्ष कुठेय?" लक्ष घरी होतं.

संध्याकाळी हॉलच्या दारातच नवऱ्याला धरलं. सासूबाई खुर्चीत, आमच्याकडे पाठ, टीव्ही बंद. त्यांच्या मागे बोलायचं तर आतल्या खोलीत जायची गरज नसते, सवयच झालीय. म्हटलं, एकदाचं ठरव. परीक्षेआधी मुलीला शांतता हवी, मलाही हवी. तो म्हणाला, "आईला काय वाटेल?" आणि मी म्हणाले — लिहायला लाज वाटते, तरी लिहिते — "त्यांना काय, इथे काय आणि तिथे काय! दिवसभर भिंतीकडेच तर बघायचंय."

तो म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी." जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

सासूबाई जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या.

१८ मार्च, बुधवार

काहीतरी विलक्षण घडतंय! आठवडा झाला, त्या एकदाही दचकल्या नाहीत. आज औषध घेऊन मागून गेले तर मी पोचायच्या आधीच हात पुढे! परवा कन्या दारात आली, तिने तोंड उघडण्याआधी यांचं, "दप्तर जागेवर ठेव."

माझ्या अंगावर काटाच आला. कान परत आले! नवऱ्याला कामावर फोन करून सांगितलं तर तो काम टाकून घरी आला. तडक कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मान हलवली. "काही बदल नाही. होतं तसंच आहे."

परत येताना नवरा तोंड पाडून होता. सासूबाईंनीच त्याच्या पाठीवर हात फिरवला.

२१ मार्च, शनिवार

उद्या न्यायचं. त्यांना सांगायचं माझ्यावर आलं, दुसरं कोण आहे! सकाळपासून शब्द जुळवत होते. 'थोडेच दिवस' म्हणू की 'हवापालट' म्हणू? दोन्ही खोटंच. शेवटी धीर करून त्यांच्या खोलीत गेले तर बॅग भरून तयार! स्वेटर, चष्म्याची पेटी, औषधांचा डबा. वर नीट घडी केलेली शाल.

"ताईंनी कळवलं का?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "मुलीची परीक्षा आहे. शांतता हवी."

ताईंना फोन केला. त्या शपथ घेऊन म्हणतात, मी आईला काही कळवलेलं नाही. नवराही नाही म्हणतो. कन्येला तर माहीतच नव्हतं. मग?

२२ मार्च, रविवार

सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या. त्यांच्या खुर्चीवरचं पांघरूण उचलायला गेले आणि सहज बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते. समोर बंद टीव्ही. त्यात आमचा अख्खा हॉल! खिडकी, जेवायचं टेबल, दार. नवरा दारात येऊन उभा राहिला. मी वळले नाही. पडद्यात त्याचे ओठ हलले — गाडी आली.

आठ दिवसांपूर्वी, त्या शनिवारी आम्ही दोघं तिथेच उभे होतो. अगदी तिथेच.

गाडी परत पाठवली. बॅग मीच रिकामी केली. त्या अंघोळीहून आल्या, बॅग बघितली, खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. दारातच उभी राहिले आणि आवाज न करता म्हटलं, "आई, चुकले. जाऊ नका."

"रडत रडत बोललीस तर ओठ कळत नाहीत," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "नीट बोल."

डोळे पुसले आणि परत बोलले.