मांजराचा काही संबंध नाही

२ फेब्रुवारी
ताई आज राहायला आली. तीन बॅगा आणि एक मांजर. मांजर भाऊजींचं, नाव साहेब. भाऊजी गेल्यापासून ताई एकटी, तिला कुणीतरी हवंच होतं. मला काय, मी एकटा मजेत असतो. पण आईमागे तिनेच मला वाढवलं. भाऊजी आजारी होते तेव्हा ‘येतो, येतो’ म्हणत सात महिने मी गेलोच नाही. तो विषय तिने काढला नाही. मीही नाही. ठरलं, तिला आता कायमचं इथेच ठेवून घ्यायचं.

९ फेब्रुवारी
शिंका. पडद्यांवरची धूळ. पडदे धुतले.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७
लागोपाठ अकरा शिंका. डोळे लालभडक. ताई म्हणाली, साहेबामुळे तर नाही? मी हसलो. लहानपणी घरचं मांजर माझ्याच पांघरुणात झोपायचं. तेव्हा काही झालं नाही, ते बावन्नाव्या वर्षी होणार? सव्वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. लोक मला विचारून डॉक्टर बदलतात.
शेजारी रंगकाम चाललंय, त्याचा वास असणार. रोज एक गोळी घेणार. नुसती खबरदारी.

१ मार्च
गोळ्या दोन. साहेब थेट माझ्या छातीवर येऊन बसतो. ताई म्हणते, त्याला भाऊजींची सवय आहे. हाकलवत नाही.
ताईने आज डबा दिला. दुकानात झाकण उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांचं हल्ली असंच होतं.

१० मार्च
जिना चढताना छातीत शिट्टी वाजते. दुकानातूनच श्वासाचा एक पंप आणला. ताईने शिट्टी ऐकली. म्हणाली, टेस्ट करून घे, मांजराचं निघालं तर मी आणि साहेब दुसरीकडे बघू. ‘आणि साहेब’ ती अगदी सहज म्हणाली. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.

१२ मार्च
टेस्ट पुढच्या बुधवारी. हातावर थेंब टाकून टोचतात, ज्याची ॲलर्जी असेल तिथे फुगतं. आधी आठवडाभर गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर काहीच फुगत नाही. हे गिऱ्हाइकांना मीच सांगतो. आजपासून गोळी बंद.

१३ मार्च
गोळी घेतली. गिऱ्हाइकाच्या तोंडावर शिंकणं बरं दिसत नाही. उद्यापासून नक्की बंद.

१८ मार्च
उद्या टेस्ट. गोळ्या तीन. तिथे चारचौघांत शोभा नको.

१९ मार्च
बारा थेंब, बारा टोचण्या, एकही फुगला नाही. मांजराचा तर नाहीच नाही. एक थेंब मुद्दाम असा ठेवतात की त्याने प्रत्येकाला फुगवटा येतोच. मला त्यानेही आला नाही! टेक्निशियन बाई हाताकडे बघतच राहिल्या. मुळात कातडीच दणकट.
खाली डॉक्टरांनी लिहिलंय, टेस्ट ग्राह्य नाही, गोळ्या थांबवून पुन्हा करा. या लोकांना पुन्हा पुन्हा बोलवायची सवयच असते.
तेवढा भाग दुमडून ताईला रिपोर्ट दाखवला. चष्मा लावून तिने तो दोनदा वाचला आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. साहेबाला उचलून म्हणाली, सुटलो रे बाबा आपण.
रिपोर्ट आता मलाही पटलाय.

२५ मार्च
पंप बंद. रिपोर्ट क्लीन असताना पंप मारायचा कशाला? ड्रॉवरमध्ये टाकून दिला. साहेब हल्ली माझ्या उशीवर झोपतो.

३१ मार्च, हॉस्पिटल
परवा दुपारी स्वयंपाकघरात श्वास अडकला. ओठ निळे पडले म्हणे. ताईने सगळं घर उलथंपालथं करून पंप शोधला. तो ड्रॉवरमध्ये, रिपोर्टखाली होता. रिपोर्ट तिने उलगडून वाचला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. कॉटशेजारी बसून हळू म्हणाली, एकाला सात महिने श्वासासाठी तडफडताना पाहिलं. तेव्हा तू नव्हतास. आता तुला तसं नाही बघायचं मला.
मी सांगितलं, साहेबाला गॅलरीत ठेवू, मशीन आणू, हवा गाळून देणारं. तिने मान हलवली, नाही म्हणून. मग मी म्हणालो, जाऊ नकोस. पण तोंडावर मास्क होता. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

६ एप्रिल
घरी आलो. बॅगा नाहीत. साहेब नाही. फ्रिजमध्ये चार दिवसांचं जेवण, प्रत्येक डब्यावर वार लिहिलेला.
तिला एकटीला झेपणार नाही. महिन्याभरात परत येईल.

११ मे
झेपतंय म्हणे. वाचनालयामागे खोली मिळालीय. फोनवर म्हणाली, रविवारी ये, मी साहेबाचे केस लागलेले कपडे बदलून खाली येईन, बाकावर बसू. येतो म्हणालो.

८ जून
ताईचा फोन. येतो म्हणालो. गुडघा जरा दुखतोय.
शिंका अजून रोज सहा-सात. डॉक्टर म्हणतात, मांजर गेलं तरी त्याचा कोंडा घरात महिनोन्महिने राहतो, कव्हरं गरम पाण्यात धुवा. उद्या धुणार.

३ ऑगस्ट
शिंका दोन. कव्हरं राहिलीच.

२१ सप्टेंबर, रविवार
ताईचा फोन आला नाही. हल्ली तीही विचारत नाही.
तिच्या खुर्चीचं कव्हर अजून तसंच आहे, धुवायला वेळच मिळत नाही. आज ते काढलं आणि नाकाशी धरून बराच वेळ बसलो. शिंक आली नाही.
गोळी घेतली नव्हती.