डोकं उजवीकडे

५ जानेवारी, सकाळ
उठताना खोली फिरली. मी नाही, खोली. पंखा भिंतीवर गेला, भिंत खाली आली आणि मी उशी घट्ट धरून राहिलो. कारण उघड आहे. ही नवी उशी. जुनी काढायला सांगणे.

६ जानेवारी
जुनी उशी. तरी फिरली. म्हणजे गादी.
ही म्हणते, डॉक्टरला दाखवा. पीटीच्या मास्तरला चक्कर? उभा जन्म मी पोरांना सांगत आलो की चक्कर म्हणजे आळसाचं सभ्य नाव. दाखवणार नाही.

८ जानेवारी
बूट बांधायला वाकलो आणि चपलांच्या स्टँडला मिठी मारली. शेवटी हिने बांधून दिले. पाठ धरली आहे असं सांगितलं. पाठ धरणं कसं, रुबाबदार दुखणं आहे.
शाळेत नवा मास्तर आलाय. चालताना उडतो, म्हणून पोरं त्याला स्प्रिंग म्हणतात. रोज विचारतो, सर, बरं आहे ना? माझ्या शिट्टीवर डोळा आहे त्याचा. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तोवर क्रीडादिनाचं संचलन माझं, झेंडा माझा. दुसरं आहेच काय माझ्याकडे?

१० जानेवारी
हिच्या समाधानासाठी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला धाडकन आडवं केलं आणि डोळ्यांत टक लावून बघितलं. म्हणाल्या, उजव्या कानातले बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत. कानाला खडा लावतात हे ठाऊक होतं, आत खडे फिरतात हे नवीन. उपाय काय, तर व्यायाम! डोकं उजवीकडे वळवायचं, तसंच मागे आडवं व्हायचं, मग डोकं डावीकडे, मग डाव्या कुशीवर, मग उठायचं.
आत्ताच करवून घेते म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, व्यायाम हा माझा धंदा, तुम्ही फक्त कागद द्या.

११ जानेवारी
सुरुवात केली. पलंगावर ताठ बसून स्वतःलाच ऑर्डर दिली, 'डोकं उजवीकडे!' आणि झटक्यात वळलो.
ही दारातून म्हणाली, अहो, तुम्ही डावीकडे वळलात.
हसूच आलं. वर्षानुवर्षं पोरांसमोर उभा राहून ऑर्डर देतोय. तोंडाने उजवा म्हणायचं आणि हात डावा उचलायचा, म्हणजे समोरच्याला आरशासारखं दिसतं. आता अंगवळणी पडलंय, विचारसुद्धा करावा लागत नाही. अख्ख्या शाळेला डावं-उजवं मी शिकवलं, ते आता हिच्याकडून शिकू?

१४ जानेवारी
व्यायाम नेमाने चालू. खोली आणखी जोरात फिरते. म्हणजे गुण येतोय. व्यायामाने सुरुवातीला त्रास व्हायचाच.
आडवं होता येत नाही, म्हणून खुर्चीत बसून झोपतो. वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही. मान अशी धरतो की जणू डोक्यावर काठोकाठ भरलेलं पातेलं आहे. खुर्चीतून दाराची चौकट दिसते, अर्धं कपाट दिसतं आणि हिची पाठ. मैदानावर दिवस काढलेला माणूस मी. घर इतकं लहान आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. जीव घुसमटतो.
मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, फोन केला. घरी रंगकाम काढलंय, रजा हवी.

१७ जानेवारी
हिचं तेच. तुम्ही डावीकडे वळताय, डावीकडे. विचारलं, तू आयुष्यात कधी संचलनात चालली आहेस? ती कणीक मळायला आत गेली. मी जिंकलो. नंतर खुर्चीत बसून बराच वेळ भीती वाटली.
मोठ्या बाईंचा फोन. घर फार मोठं आहे का तुमचं, असं विचारत होत्या.

२१ जानेवारी
उद्या क्रीडादिन. योजना पक्की आहे. बूट ही बांधणार. झेंडा वर न बघता चढवायचा. दोरी माझ्या हाताला ओळखते.

२२ जानेवारी
संचलन फक्कड झालं. मग झेंडा. दोरी अर्ध्यात अडकली आणि मी वर पाहिलं.
खांबाला मिठी मारली ती सुटेना. समोर सगळी शाळा सावधान उभी. आजवर पोरांना एकच शिकवलंय, सर करतील तसं करायचं. पहिल्या रांगेने शेजारच्याला मिठी मारली. मग दुसरीने. मग सगळ्या मैदानाने. पालकांना वाटलं, कार्यक्रमच आहे. टाळ्या थांबेनात.
स्प्रिंगने माझी बोटं एकेक करून सोडवली. गळ्यातली शिट्टीही काढली. श्वास मोकळा व्हावा म्हणून, असं म्हणाला. फार हळू बोलत होता. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी
आज हिने माझं काही ऐकलं नाही. पलंगावर बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि वळवलं. इतके दिवस ज्या बाजूला मी वळलोच नव्हतो, त्या बाजूला. कागदावरचं सगळं एकेक करत करून घेतलं. खोली एकदा भयंकर फिरली आणि थांबली.
उठलो. वाकलो. बूट माझे मी बांधले. वर पाहिलं, पंखा जागच्या जागी. हिला म्हणालो, बघ, माझ्या व्यायामाचा शेवटी परिणाम झाला. ती म्हणाली, हो.
लगेच मोठ्या बाईंना फोन लावला. एकदम फिट, उद्यापासून येतो. त्या म्हणाल्या, अरे वा, या की. संचलन आणि मैदान आता नवे सर बघतील. तुम्ही ही दोन वर्षं वाचनालय सांभाळा. बसून काम आहे, शांत असतं. मग विचारलं, रंगकाम झालं का? झालं म्हणालो.
बूट घालून खुर्चीत बसलोय. दाराची चौकट, अर्धं कपाट. काहीही हलत नाही.